परकी मूठ

थोरल्याचा संशयी स्वभाव काही आजचा नव्हता. दुधाची पिशवी घरात आली की तो आधी ती हातावर तोलून बघायचा. दाढी करून घेताना वस्तऱ्यापेक्षा आरशातल्या न्हाव्याच्या डोळ्यांवर त्याचं जास्त लक्ष असायचं. घड्याळ लावायचं तर दोन माणसांना वेळ विचारायचा, आणि दोघांची सारखीच निघाली तर दोघांनी आधी ठरवलं असेल असं समजायचा. "ह्यांना स्वप्न पडलं तरी ते कुणी पाडलं ह्याची चौकशी करतात," असं त्याची बायको म्हणायची.

मात्र धाकट्या भावावर त्याने आजवर कधी संशय घेतला नव्हता. जगावर संशय घ्यायचा तर पाठ टेकायला एक भिंत लागते, आणि ती भिंत म्हणजे धाकटा.

दोघांचं मिळून एक दुकान होतं. दारावर थोरल्यानेच रंगवलेली पाटी होती : 'गळाच्या काठ्या. टोकापासून मुठीपर्यंत सगळं इथंच बनतं.' मागच्या खोलीत धाकटा काठ्या बनवायचा. निमुळत्या पोलादी सळईवर कार्बनचं काळं कापड गुंडाळायचं, वरून फीत आवळून बसवायची, लांबुळक्या भट्टीत भाजायचं आणि गार झालं की सळई ओढून काढायची. मग हातात उरायची पोकळ, हलकी, वाकेल पण मोडणार नाही अशी काठी.

पुढच्या खोलीत थोरला मुठी बनवायचा. बाजारात मिळते तसली सगळ्यांना एकच मूठ नव्हे. ज्याच्या त्याच्या हाताची. गिऱ्हाईक आलं की गुलाबी लगदा कालवायचा, त्याचा गोळा गिऱ्हाइकाच्या मुठीत द्यायचा आणि म्हणायचं, "मासा लागलाय असं समजून धरा." दातांचे ठसे घ्यायला वापरतात तोच हा लगदा. दोन मिनिटांत तो घट्ट व्हायचा आणि बोटांच्या खाचा जशाच्या तशा उठायच्या. तसे शेकडो ठसे भिंतीवर नंबर घालून मांडलेले होते. मग बुचाच्या बारा चकत्या एकावर एक चिकटवून, दाबात ठेवून, दुसऱ्या दिवशी लेथवर चढवायच्या आणि ठसा समोर ठेवून उतरवत आणायच्या.

इथपर्यंत कुणीही करेल, असं थोरल्याचं म्हणणं. खरं काम पुढे. "शेवटचं माप ठशात नसतं, हातात असतं," असं म्हणून तो डोळे मिटायचा, मूठ आपल्या हातात घ्यायचा, हलकेच वळवायचा आणि जिथं टोचेल तिथं पॉलिश पेपर फिरवायचा. सगळीकडून हातात बसली की डोळे उघडायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं.

आणखी एक गोष्ट तो करायचा, पण ती कुणालाच ठाऊक नव्हती. तिसरी आणि चौथी चकती चिकटवण्याआधी आतल्या बाजूला तो पेन्सिलीने एक बारीक तिरकी रेघ ओढायचा. कुणी नक्कल केली तर कळावं म्हणून. तीस वर्षांत कुणी नक्कल केली नव्हती, पण थोरल्याला घाई नव्हती.

तयार मूठ मागच्या खोलीत गेली की पुढचं सगळं धाकट्याकडे. तो ती काठीवर चढवायचा, रीळ बसवायची जागा करायचा, गळाची दोरी ओवायच्या कड्या दोऱ्याने बांधायचा, वार्निश द्यायचा आणि शुक्रवारी बांधून पाठवून द्यायचा. पुरी झालेली काठी थोरल्याच्या हातात क्वचितच यायची. येण्याची गरजही नव्हती.

ठिणगी टाकली ती दोरेवाल्याने. हा माणूस गळ, दोरे, शिसं असलं सगळं पिशवीत घालून दुकानोदुकानी फिरायचा आणि मालाबरोबर बातम्याही विकायचा, त्या मात्र फुकट. सोमवारी तो आला, पाटीकडे बघून हसला आणि खुर्चीत बसला.

"इथंच बनतं म्हणता. बरं आहे. म्हणायला काय जातं?"

"म्हणजे?" थोरल्याने कान टवकारले.

"अहो, बाजारात शंभर नावांच्या काठ्या आहेत. सगळ्या निघतात दोन-तीन कारखान्यांतून, तेही समुद्रापलीकडे. एका छपराखाली हजार बाया कापड गुंडाळत बसलेल्या. मूठबीठ सगळं तिथंच लागतं. इथं आलं की आपल्या नावाचं लेबल चिकटवायचं, झालं. कोण बनवतंय हो आता हातानं?"

"माझा भाऊ बनवतो. मागं भट्टी लागते, वास येतो मला."

"भट्टी लागते, कबूल," दोरेवाला उठता उठता म्हणाला. "भट्टीत काय असतं ते बघितलंय का कधी?"

तो गेला, पण शंकेची पाल जी चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. थोरल्याने त्या दिवशी दोनदा मागच्या खोलीत चक्कर मारली. भट्टीत काठ्याच होत्या. मग त्याच्या मनात आलं, की दाखवायला दोन-चार काठ्या भाजायला कितीसा वेळ लागतो?

मंगळवारी दाताची डॉक्टरीणबाई आली. गुलाबी लगदा हिच्याकडूनच यायचा. हात लहान, बोटं बारीक, आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर एकटी बसायची हौस. दीड वर्षापूर्वी तिने काठी करून घेतली होती. आता टोकाची कडी निखळली होती, तेवढी बसवून हवी होती.

"मूठ मात्र काय केलीत हो!" ती जाता जाता म्हणाली. "दिवसभर हातात असते, पण आहे असं कळतसुद्धा नाही."

थोरला फुलून आला. ती गेल्यावर त्याने काठी उचलली, सवयीने डोळे मिटले आणि मूठ धरली.

त्याने डोळे खाडकन उघडले. तळहाताखाली पोकळ. अंगठ्यापाशी फुगवटा. मधलं बोट टेकायचं तिथं काहीच नाही आणि करंगळीपाशी नको तेवढं. त्याने पुन्हा धरली, पुन्हा तेच. ही मूठ आपली नव्हे, हे त्याला असं कळलं जसं अंधारात दुसऱ्याच्या चपलेत पाय घातला की कळतं.

दुकानाचा शिक्का मात्र होता. नंबरही बरोबर होता.

खात्री करून घ्यायचा एकच मार्ग होता. थोरल्याने दार लोटून घेतलं, पातळ पात्याची सुरी घेतली आणि दुसऱ्याची, पैसे देऊन नेलेली, नावाजलेली मूठ उभी चिरली. तिसरी चकती चौथीपासून सुटी केली. आतली बाजू कोरी होती. दुसरी बघितली, पाचवी बघितली, बाराच्या बारा बघितल्या. पेन्सिलीची रेघ कुठेही नव्हती.

तो बुचाच्या चुऱ्यात बसून राहिला.  धाकटा बाहेरून मुठी आणतो. आपण इथे डोळे मिटून तासन्‌तास पेपर फिरवतो, आणि आपल्या मुठी काठीवर चढतच नाहीत. मग त्या जातात कुठे? आणि पाटीवर काय लिहिलंय?

आता सरळ मागच्या खोलीत जाऊन विचारलं असतं तर पाच मिनिटांत निकाल लागला असता. पण संशयी माणूस विचारत नाही. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की ते खरं मानायचं की नाही ही नवी भानगड. थोरल्याने मनाशी एवढंच ठरवलं, की पुरावा मिळवायचा. खरं निघालं तर पाटी उतरवायची, दोन खोल्यांमधलं दार विटांनी बंद करायचं आणि ह्या जन्मात धाकट्याशी बोलायचं नाही. हे ठरवताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बुचाच्या भुग्याने आलं असं त्याने ठरवून टाकलं.

मग तो डोळ्यांत तेल घालून बघू लागला, आणि बघू लागल्यावर काय, हवं ते दिसतंच.

पहिली गोष्ट बुचाच्या पोत्याची. एक पोतं पूर्वी तीन महिने पुरायचं. आता दीड महिन्यात तळ दिसायचा. हे त्याने पूर्वीही विचारलं होतं. "हल्ली बूच फुसकं येतं दादा, निम्म्या चकत्या टाकून द्याव्या लागतात," असं धाकटा म्हणाला होता. टाकून कोण देतं? चकत्या तर थोरला चिकटवायचा, आणि त्याने एक टाकली नव्हती. म्हणजे बूच परस्पर विकलं जात होतं.

दुसरी गोष्ट मागच्या अंगणातल्या खोक्याची. लांबट खोकं, वरचं लेबल फाडून काढलेलं. नुसतं फाडलेलं नाही, नखाने खरवडून काढलेलं. प्रामाणिक माणूस लेबल खरवडतो कशाला?

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. दर गुरुवारी दुपारी धाकटा काखेत लांबट गाठोडं मारून बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. इतकी वर्षं थोरला समजत होता, की तो वार्निश आणायला जातो. आता त्याने वार्निशचे डबे मोजले. दर गुरुवारी आणावं इतकं वार्निश त्या दुकानात कधी लागलंच नव्हतं.

बुधवारी सकाळी तो स्वयंपाकघरात गेला तर बायको आणि धाकटा हळू आवाजात काही बोलत होते. तो आत आला तसे गप्प झाले. धाकटा "येतो वहिनी" म्हणून सटकला.

थोरला चहाचा गरम ग्लास दोन्ही हातांत धरून बसला. सकाळी बोटं उघडायला त्याला हल्ली हे लागायचं. थंडीचा दोष, असं त्याचं मत होतं, आणि थंडी नसली की पंख्याचा.

"काय खलबतं चालली होती?"

"खलबतं कसली? बरणी उघडून घेत होते त्याच्याकडून."

"मी मेलो होतो?"

"काल तुम्हाला दिली होती की. उघडली का?"

"हल्ली कंपन्या झाकणं मुद्दाम घट्ट करतात," थोरला म्हणाला. "म्हणजे माणूस कंटाळून नवीन बरणी घेईल."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. तिला काही बोलायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण तिने ओट्यावरचं फडकं उचललं आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

"तू पण त्यांच्यात आहेस," थोरला म्हणाला.

"त्यांच्यात म्हणजे कुणाच्यात हो? घरात माणसं तीन. तुम्ही एका बाजूला गेलात तर उरलेल्यांची टोळी होणारच."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून थोरल्याला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

डॉक्टरीणबाईची मूठ तर चिरून झाली होती. ती आता नव्याने करणं भाग होतं. पण त्यातच त्याला एक डाव दिसला. ही मूठ आपण स्वतः करायची, स्वतःच काठीवर चढवायची, आणि धाकट्याच्या हाताला न लागू देता थेट बाईच्या हातात द्यायची. खरी मूठ हातात पडली की बाईच म्हणतील, की ही काही औरच आहे, मग मागची कुठून आणली होती? साक्षीदार घरी चालत येणार होता.

चकत्या त्याने मंगळवारी रात्रीच, दुकान बंद असताना, चिकटवून दाबात ठेवल्या होत्या. त्याआधी रेघ ओढली होती, ह्या वेळी जरा ठसठशीत. बुधवारी बाईचा ठसा समोर ठेवून मूठ लेथवर उतरवली. मग डोळे मिटले. खूप वेळ पेपर फिरवला. बोटं मध्येच अडायची, मग ती झटकून पुन्हा धरायची. शेवटी मूठ हातात अशी बसली, की सोडवेना. आयुष्यातली सगळ्यात चांगली मूठ, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्यावर त्याने इकडेतिकडे बघून घेतलं.

धाकटा दारात उभा होता.

"डॉक्टरीणबाईंची काठी ना ती? दे, वार्निशचा एक हात देतो. शुक्रवारी नेतील त्या."

"वार्निश मी दिलंय."

"मग कडी बघतो एकदा."

"कडीही मीच बसवली."

"दादा, ठेव ना माझ्याकडं. एक दिवस." धाकट्याचा आवाज इतका मऊ झाला, की थोरल्याची खात्रीच पटली. चोराचा आवाज असाच होतो, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने काठी खुंटीला टांगली आणि तिच्याखाली खुर्ची टाकून बसला.

शुक्रवारची वाट न बघता थोरल्याने निरोप धाडला होता, म्हणून गुरुवारी सकाळीच डॉक्टरीणबाई दवाखान्यात जाताना आली. थोरल्याने स्वतःच्या हाताने काठी तिला दिली आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

तिने मूठ धरली. बोटं सरकवली. पुन्हा धरली. दिवसभर माणसांचे दात उपटणारी बाई ती, चेहरा कसा सांभाळायचा हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या भुवया किंचित जवळ आल्या.

"मूठ बदललीत?"

"बदलली!" थोरला पुढे झाला. "का? काय फरक वाटतो? मोकळेपणी सांगा."

 मुठीकडे बघायचं सोडून ती त्याच्या हाताकडे बघू लागली. काउंटरवर ठेवलेला त्याचा उजवा हात. थोरल्याला ते आवडलं नाही. त्याने हात मागे घेतला.

"असं करू या का," ती शेवटी म्हणाली, "काठी राहू दे. धाकट्या भावांकडं द्या एकदा. मी शुक्रवारी नेईन."

"धाकट्याकडं कशाला? मूठ मी करतो!"

"हो, ते माहीत आहे मला," ती म्हणाली, आणि हे ती इतक्या प्रेमाने म्हणाली, की थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे गिऱ्हाइकंसुद्धा सामील! काठी काउंटरवर ठेवून ती निघून गेली.

दुपारी तो जेवून आडवा झाल्याचं नाटक करून पडला. धाकट्याची पावलं अंगणातून गेली तसा उठला आणि पुढच्या खोलीत आला. डॉक्टरीणबाईची काठी जागेवर नव्हती. भिंतीवरचा तिचा ठसाही नव्हता.

त्याने चपला पायात सरकवल्या आणि भावाच्या मागे निघाला.

पाठलाग करणं सोपं नव्हतं. धाकटा सरळ चालत होता आणि थोरला दर वळणावर थांबून भिंतीआडून बघत होता, त्यामुळे जाणारेयेणारे धाकट्याकडे न बघता थोरल्याकडेच बघत होते. पाण्याच्या टाकीवरून, शाळेच्या कुंपणाच्या कडेने, शिवणयंत्रं दुरुस्त करायच्या दुकानापाशी धाकटा वळला आणि त्याच्या मागच्या बोळातल्या एका पत्र्याच्या दाराचं कुलूप काढून आत गेला.

थोरला दाराबाहेर उभा राहिला. इथे खोकी येत असतील. इथेच लेबलं खरवडत असतील. पाटीचं काय करायचं हे ठरलेलं होतं. विटा कुठून आणायच्या हेही त्याने चालता चालता ठरवलं होतं. एवढ्यात आतून एक आवाज यायला लागला, आणि तो त्याच्या इतक्या ओळखीचा होता, की तो क्षणभर गोंधळला. लेथवर बूच उतरत होतं.

त्याने दार ढकललं.

छोटी खोली. एक जुना लेथ, खिडकीपाशी. बुचाचं पोतं. भिंतीला गुलाबी ठसे टेकवलेले. लेथसमोर धाकटा, भुग्याने माखलेला, पुढ्यात डॉक्टरीणबाईचा ठसा. कोपऱ्यात एक भलीमोठी पत्र्याची पेटी. कारखान्यातून आलेला माल कुठेही नव्हता.

धाकट्याने लेथ बंद केला. दचकला नाही. कधीतरी हे होणार हे माहीत असल्यासारखा तो बसून राहिला.

"कुठून आणतोस मुठी?" थोरल्याने विचारलं. विचारलं खरं, पण समोर दिसत होतं ते ह्या प्रश्नात बसत नव्हतं.

"इथून."

"मागं खोकं होतं. लेबल खरवडलेलं."

"बुचाचं. दुप्पट मागवतो ना. तुला दिसू नये म्हणून."

"तू करतोस मुठी? माझ्या नावानं? तुला कुणी सांगितलं? माझ्या मुठींना काय धाड भरली होती?" एकेका प्रश्नाबरोबर थोरल्याचा आवाज चढत गेला. "कुठं टाकल्यास माझ्या मुठी?"

"टाकल्या नाहीत," धाकटा म्हणाला. "एकही नाही. पेटीत आहेत."

थोरल्याने पेटी उघडली. आत मुठी होत्या. साठ असतील, सत्तर असतील. प्रत्येकीला दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधलेली. कागदात गुंडाळून, ओळीने, आपलं काम आपण ठेवलं नसतं इतक्या जपून ठेवलेल्या. आपली मुलं हरवली असं समजून गाव पालथं घालावं आणि ती शेजारी झोपलेली सापडावीत, तसं त्याला झालं.

त्याने वरचीच एक उचलली आणि मुठीत धरली. हातात झकास बसली. बोटं आपोआप जागेवर गेली.

"ही बघ!" तो गरजला. "काय वाईट आहे हिच्यात? धरून बघ! कुठं टोचतं सांग!"

धाकट्याने हात पुढे केला नाही.

थोरल्याने दुसरी उचलली. तीही तशीच, जणू हातातूनच उगवली होती. "आणि ही?" तिसरी उचलली. "आणि ही? लोण्यासारखी बसते आहे! आंधळा झालास का तू?" त्याला आता चेव आला होता. इतक्या चांगल्या मुठी त्याने आयुष्यात एकत्र बघितल्या नव्हत्या. त्याने चौथी घेतली आणि बोलता बोलता तिच्या चिठ्ठीवर नजर गेली. हा नंबर त्याच्या ओळखीचा होता. खाटकाचा. केळीच्या घडासारखा हात होता त्या माणसाचा. ठसा घ्यायला दोन गोळे लागले होते.

खाटकाची मूठ थोरल्याच्या हातात अगदी बरोबर बसली होती.

 त्याने तिसरी पुन्हा उचलली आणि नंबर बघितला. बारा वर्षांच्या मुलीची होती, वाढदिवसासाठी बापाने करून घेतलेली. तीही त्याच्या हातात बसली होती. मग त्याने सावकाश, एकेक करत, पेटीतल्या मुठी काढायला सुरुवात केली. चिठ्ठी बघायची, माणूस आठवायचा, मूठ धरायची. लांब बोटांचा पियानो शिकवणारा. अर्ध्या अंगठ्याचा सुतार. जाड, बारीक, म्हातारे, पोरसवदा. एकूण एक मूठ त्याच्या हातात बसत होती, तळहातापाशी तोच खड्डा, मधल्या बोटाखाली तोच उंचवटा, करंगळी पुरी मिटत नाही म्हणून तिच्या जागी तोच उतार.

खिडकीतून ऊन येत होतं. त्याने आपला उजवा हात उन्हात धरला आणि मिटायला गेला. बोटं अर्ध्यावर येऊन थांबली. सांधे सुपारीएवढे झाले होते. हा हात त्याने रोज बघितला होता. दूध बघितलं होतं, न्हावी बघितला होता, बरणीची झाकणं बघितली होती, आणि ह्या हातावर मात्र कधी म्हणून संशय घेतला नव्हता.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"तीन वर्षं होतील. आधी एखादीच परत यायची. मग सगळ्याच."

"सांगितलं का नाहीस?"

"दोनदा आलो होतो सांगायला. एकदा तू म्हणालास, गिऱ्हाइकांचे हात बिघडलेत. दुसऱ्यांदा तू डोळे मिटून पेपर फिरवत होतास. तुझा चेहरा बघितला आणि परत गेलो." धाकटा खाली बघत म्हणाला. "वहिनी म्हणाली, राहू दे."

थोरला पेटीच्या कडेवर बसला. पाटी उतरवायची होती, दार बंद करायचं होतं, ह्या जन्मात बोलायचं नव्हतं. त्यातलं काही आता करता येण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि ह्या वेळी त्याने ते भुग्यावर ढकललं नाही. धाकटा उठून जवळ आला, पण हात लावायचा त्याला धीर झाला नाही. दोघे भाऊ पोरांसारखे शेजारी शेजारी बसून राहिले.

बाहेर कुणीतरी शिवणयंत्र चालवून बघत होतं. ते चालायचं, अडायचं, पुन्हा चालायचं.

बऱ्याच वेळाने थोरला उठला. डॉक्टरीणबाईची काठी कोपऱ्यात उभी होती. तिच्यावर त्याने कालच चढवलेली, आयुष्यातली सगळ्यात चांगली मूठ. लेथवर धाकट्याची अर्धवट उतरलेली मूठ होती. ती त्याने काढून घेतली, आणि सवयीने डोळे मिटून आपल्या हातात धरायला गेला. मग थांबला.

"तुझा हात दे," तो म्हणाला.

"माझा?"

"तुझा हात काही बाईंच्या हाताएवढा नाही, पण निदान मिटतो तरी. ठशात बोट फिरव आधी, नीट. त्यांची करंगळी कुठं टेकते बघ. आता मूठ धर. डोळे मीट."

धाकट्याने ठशात बोट फिरवलं, डोळे मिटले आणि मूठ धरली.

"कुठं टोचतं?"

"टोचत नाही कुठं, दादा."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. तीन वर्षं तेच केलंस. कुठं टोचतं?"

धाकट्याने मूठ हातात वळवली. एकदा, दोनदा. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"इथं," तो म्हणाला. "अंगठ्याच्या खाली. थोडंसं."

थोरल्याने खाली वाकून बघितलं. त्याला तिथे काही दिसत नव्हतं, आणि हाताला लावून बघण्यात अर्थ नव्हता. त्याने खिशातून पेन्सिल काढली, भावाच्या अंगठ्याशेजारी, बाहेरच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल अशी रेघ ओढली आणि पॉलिश पेपर उचलला.